बियाण्याचं तवसं

रत्नप्रभा परबला मुलुंडची माणसं आवडत नसत. तसं पाहिलं तर कुठलीच माणसं तिला फारशी आवडत नसत. पण सगळा संसार मुलुंड पूर्वेच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत झाल्यामुळे तिच्या तिटकाऱ्याचा मोठा हिस्सा त्या बिचाऱ्या वसाहतीच्या वाट्याला आला. ही माणसं बाजारात भेंडीचं शेपूट मोडून बघतात आणि स्वतःला भाजीतले जाणकार समजतात, असं ती म्हणे. कुंडीत मनीप्लँट लावतात आणि त्याला बाग म्हणतात. खाण्याचं अळू कुठलं आणि घसा खाजवणारं कुठलं ते कळत नाही, मग भाजीवाल्याला शिव्या देतात. हे सगळं ती मनात ठेवत नसे. तोंडावर बोले, आणि बोलून झालं की मागच्या दाराशी बसून निवांत मिसरी लावी.

तिचं घर तळमजल्यावर, अगदी टोकाला. मागे इमारतीची भिंत आणि गटार यांच्यामध्ये जमिनीची एक पट्टी होती. बांधकामाचा उरलासुरला राडारोडा कंत्राटदाराने तिथेच पसरून ठेवला होता. रत्नप्रभेने लग्न होऊन आल्या आल्या तो उपसला, तबेल्यातून पाट्या भरभरून शेण आणलं आणि तिथे भाजी केली. लाल माठ, दोडकी, गटाराच्या कडेने अळू, आणि टोकाला दगड बांधून सरळ वाढवलेली पडवळं. वरच्या मजल्यांवरचे लोक गॅलरीतून वाकून म्हणत, "काय परबबाई, शेतकरी झालात!"

"मी काय व्हायचं ते झाले," ती खालूनच म्हणे. "तुम्ही नुसते खाणारे झालात, त्याचं बघा."

पण ही बाकीची भाजी नुसती सोबतीला. तिचा जीव होता तवशाच्या वेलात. तवसं म्हणजे पावसाळ्यात मांडवावर चढणारी कोकणातली मोठी काकडी. मालवणजवळच्या तिच्या माहेरचं तवसं निराळंच होतं: हातभर लांब, सालीवर पांढुरक्या रेघा, आणि पिकून पिवळं झालं तरी आंबटपणाचं नाव नाही. लग्नात आईने सोनं घातलं नाही, कारण नव्हतंच. तिने त्या तवशाच्या बिया चिंधीत बांधून लेकीच्या ओटीत टाकल्या आणि सांगितलं की मागेल त्याला दे, बी अडवू नये. रत्नप्रभेने बी घेतलं आणि सांगणं तिथेच अंगणात ठेवून मुंबईची गाडी पकडली.

मुंबईत तिने ते बी कोणाला दिलं नाही. तवसं मात्र द्यायची. त्यात तिला मोठेपणा वाटे. श्रावणात पिकलेलं तवसं कापायचं, फोडी करायच्या आणि वाटीवर वाटी झाकून शेजारी पाठवायच्या. पण पाठवण्याआधी चमच्याने खरवडून एकूण एक बी काढून घ्यायचं. एखादं चिकटून राहिलेलं दिसलं तर नखाने काढायची. खाणाऱ्यांनी कौतुक केलं की म्हणायची, "हे मुलुंडच्या बाजारात मिळायचं नाही." मिळू नये याची व्यवस्था तीच करत होती, हे मात्र ती सांगत नसे.

बी मागायची हिंमत एकटीने केली. वरच्या मजल्यावरच्या शकु कांबळेने. शकु साताऱ्याकडची, पालिकेच्या दवाखान्यात आया होती. गच्चीवर फुटक्या बादल्यांत तिने मिरच्या लावल्या होत्या आणि त्या चांगल्या येत, हेच मुळात रत्नप्रभेला खुपत असे.

"ताई, दोन बिया द्या की. गच्चीवर वेल सोडते. आला तर निम्मं तुमचं."

"घाटावरच्या माणसाला तवशातलं काय कळतंय गं?" रत्नप्रभा म्हणाली. "तुमच्याकडे वाळूक होतं, ते खा."

शकु जिना चढून गेली. तिने पुन्हा मागितलंही नाही. रत्नप्रभेच्या डोक्यात मात्र तेव्हापासून भरलं की ही बाई बी चोरणार.

आता नवऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढे तो लागतो. सीताराम परब साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. जन्म गिरगावच्या चाळीतला. कोकण त्याने गणपतीपुरतं पाहिलेलं, तेही आरतीला उभं राहून आणि मोदक खाऊन. त्याला नांगर कोणत्या बाजूने धरतात ते ठाऊक नव्हतं, आणि रत्नप्रभेने ते त्याला कधी विसरू दिलं नाही. "आमचे हे," असं ती सुरुवात करी आणि पुढे जे सांगे ते कोणत्याही नवऱ्याने चारचौघांत ऐकू नये असं असे. सीताराम ऐकून घ्यायचा. हसायचाही. चांगला माणूस होता, म्हणजे रत्नप्रभेच्या मते काही कामाचा नव्हता.

शहाऐंशी साली पाऊस आला तसा गेला. भादव्यातच आभाळ कोरडं पडलं, तलाव निम्मेही भरले नाहीत असं वर्तमानपत्रात आलं, आणि वसाहतीतले नळ सकाळी थोडा वेळ खोकून गप्प बसू लागले. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर टिपणीस यांना अशा वेळी फार चेव येई. त्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहिलं की झाडांना पिण्याचं पाणी घालणाऱ्यांची गय केली जाणार नाही. फळ्याखाली त्यांची सही, आणि सहीखाली दोन रेघा. त्यांच्या स्वतःच्या गॅलरीतले गुलाब मात्र पहाटे टवटवीत दिसत. रत्नप्रभेने ते पाहिलं आणि भर जिन्यात विचारलं, "टिपणीस, तुमचे गुलाब उपास करतात की एकादशी सोडून बाकीचे दिवस जेवतात?" टिपणिसांनी चष्मा पुसला. वाद घालण्यात ते तरबेज होते, पण उत्तर खालच्या माळ्यावरून आलं की त्यांना सुचत नसे.

तिला त्यांच्या फळ्याची गरजच नव्हती. नळाचं पाणी ती वेलाला घालतच नव्हती. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, मासळी धुतलेलं पाणी, सगळं वेलाच्या मुळाशी. मासळीच्या पाण्याने वेल जोर धरतो हे तिला ठाऊक होतं, आणि त्याच्या वासाने पहिल्या मजल्यावरच्या शाकाहारी मंडळींचं जेवण उतरत नाही हेही. त्यातलं कोणतं कारण मोठं होतं ते तिचं तिलाच माहीत.

तेवढ्यानेही भागेना, तेव्हा तिने सीतारामाची आंघोळ मागच्या पट्टीत नेली. मांडवाखाली एक दगड ठेवला. त्यावर बसून, दोन खुंटांना बांधलेल्या जुन्या लुगड्याआड, सीतारामाने एका बादलीत आंघोळ करायची, म्हणजे पाणी थेट मुळाला. साबण बंद, कारण साबणाने वेल जळतो. बेसन लावायचं. वरच्या सगळ्या गॅलऱ्यांना हा सोहळा रोज दिसे. लुगडं बाजूने आडोसा करी, वरून नाही. कोणीतरी वरून ओरडे, "परब, पाठ राहिली!" सीताराम मान वर करून हात हलवी आणि पाठ चोळी.

"हसतंत ते तुमका," रत्नप्रभा म्हणे. "तुमका लाज नाय. बसा असेच, अजून दोन तांबे ओता."

एवढं करूनही सगळं जगवता येईना. मग तिने निवड केली. आधी माठ सुकू दिला, मग अळू. दोडक्याचे वेल स्वतःच्या हाताने उपटले, कारण ते तवशाच्या वाटचं पाणी ओढत होते. पडवळाला उपटताना तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग तिने सीतारामावर काढला. शेवटी मांडवावर एकच वेल राहिला, आणि त्याच्यावर एकच तवसं. त्याला तिने फडकं गुंडाळलं. गावाकडे बियाण्याच्या फळाला असं फडकं बांधतात. ते दिसलं की कोणी त्या फळाला हात लावत नाही. दसरा उलटला, वेलाची पानं कागदासारखी झाली, तेव्हा ते तवसं पिवळंजर्द होऊन देठाशी सुटलं.

या खेपेला फोडी वाटल्या नाहीत. तिने दार लावून घेतलं, तवसं चिरलं, बी धुतलं, राखेत घोळवलं. कोकणात असं बी डब्यात ठेवत नाहीत, डब्यात कीड धरते. शेणाच्या गोळ्यात कालवून त्याची शेणी, म्हणजे गोवरी, भिंतीला थापतात. वाळली की आतलं बी मृगापर्यंत सुखरूप. पुढच्या वर्षी शेणी फोडायची आणि पेरायचं. रत्नप्रभेने तसंच केलं, पण एक शहाणपण वाढवलं. एकच शेणी भिंतीला दिसली तर शकुला कळणार. तीही शेतातली बाई. म्हणून तिने आणखी पुष्कळ शेण्या थापल्या, नुसत्या शेणाच्या, आणि बियांची शेणी त्यांत मिसळून टाकली. कुठली ती फक्त तिला माहीत. सीतारामाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "डासांक धूर करूक." त्याला खरं सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. त्याला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, असं तिला वाटे. आणि भिंत निदान शेणी धरून तरी ठेवत होती.

सत्त्याऐंशीचा जून कोरडा गेला. मृग गेला, आर्द्रा गेल्या. टँकर येऊ लागला आणि टँकरपुढे वसाहतीतली सुशिक्षित मंडळी बादल्या घेऊन एकमेकांच्या आया-बहिणी काढू लागली. रत्नप्रभा रोज आभाळाकडे बघे आणि बी काढत नसे. पाऊस धरल्याशिवाय बी जमिनीत टाकायचं नाही एवढी अक्कल तिला होती. घाई करणाऱ्यांना ती मूर्ख म्हणे.

आषाढात टिपणिसांनी पर्जन्ययज्ञ काढला. वसाहतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारी. वर्गणी झाली, गुरुजी ठरले, मांडव पडला. ज्या टाकीत प्यायला पाणी नाही तिच्याभोवती सडा घालायला पाणी मिळालं. रत्नप्रभेने नाक मुरडलं आणि ती सकाळीच हंडा घेऊन टँकरच्या रांगेत गेली.

इकडे गुरुजींनी समिधा मोजल्या आणि गोवऱ्या कमी पडल्या. ऐनवेळी मुलुंडमध्ये गोवऱ्या कुठून आणणार? टिपणिसांना परबांची मागची भिंत आठवली. ते स्वतः आले. आजवर ते त्या दारात फक्त तक्रार घेऊन आले होते. आज त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडले.

"परबसाहेब, सगळ्या वसाहतीचा प्रश्न आहे. तुमच्याकडे आहेत म्हणून हक्काने आलो."

सीतारामाला कारखान्यात कोणी साहेब म्हणत नसे, घरात तर प्रश्नच नव्हता. त्याचा ऊर भरून आला. तो स्टुलावर चढला, भिंतीवरच्या सगळ्या गोवऱ्या उलथन्याने सोडवल्या आणि पाटीत रचून स्वतः डोक्यावर घेऊन गेला. एकही मागे ठेवली नाही. द्यायचं तर हात आखडायचा नाही, असं तो वाटेत टिपणिसांना म्हणाला.

रत्नप्रभा हंडा घेऊन मागच्या दाराने आली. भिंतीवर नुसते गोल डाग होते. सीताराम कपाळाला गंध लावून आरशात बघत होता.

"शेण्यो खंय गेल्यो?"

"यज्ञाला दिल्या. टिपणीस स्वतः आले होते मागायला, अगं, चप्पल काढून! आपलं नाव माइकवर घेणार आहेत."

हंडा तिच्या हातून सुटला नाही. तिने तो नीट खाली ठेवला. मग ती धावली. वसाहतीने तिला भांडताना पाहिलं होतं, धावताना कधी नाही. ती पोचली तेव्हा कुंड पेटलेलं होतं. गुरुजींचा आवाज चढला होता, माणसं हात जोडून उभी होती, आणि नेमकं तेव्हाच आगीत तडतड सुरू झाली. आधी एक, मग दोन, मग मूठभर लाह्या फुटाव्यात तशी एकदम. ठिणग्या वर उडाल्या. माणसं मागे सरली आणि मग टाळ्या वाजवू लागली. टिपणिसांनी माइक ओढला.

"अग्निदेवांनी कौल दिलाय, मंडळी! आणि एक सांगायला आनंद होतो, या पवित्र गोवऱ्या आपल्या रत्नप्रभाबाईंच्या हातच्या आहेत!"

पुन्हा टाळ्या. कोणीतरी तिच्या हातावर साखर-खोबरं ठेवलं. तिने ते मुठीत धरलं. आई गेली तेव्हा ती गावाला वेळेवर पोचली नव्हती, आणि आज इथेही नाही. तिला लाजही वाटत होती. नवऱ्याला एक वाक्य सांगितलं असतं तर हे झालं नसतं. शकुला दोन बिया दिल्या असत्या तरी झालं नसतं. हे तिला तिथे, आगीसमोर उभ्याउभ्याच कळलं. कळून उपयोग नव्हता.

शकुचा यज्ञाबिज्ञावर विश्वास नव्हता. ती रांगेतून पाणी घेऊन जाता जाता कडेला थांबली होती. तडतड तिनेही ऐकली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, त्यात बी होतं का हो?"

रत्नप्रभेने तिच्याकडे पाहिलं. त्या बाईच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि रत्नप्रभेला तेच सोसेना.

"बी कसलं? शेण होतं नुसतं," ती म्हणाली. "तेही म्हशीचं. सांग जा तुझ्या टिपणिसाला."

शकु पाणी घेऊन जिना चढली. आठवड्याभरात पाऊस आला. टिपणिसांनी फळ्यावर खडूने यज्ञाचं यश लिहिलं आणि खाली सही करून पुन्हा दोन रेघा मारल्या. मागच्या पट्टीतली माती भिजून काळी झाली, आणि रत्नप्रभा दाराशी बसून मिसरी लावत तिच्याकडे बघत राहिली. सीतारामाला तिने काय झालं ते त्याच दिवशी सांगितलं होतं. ओरडून नाही, साध्या आवाजात. तो बिचारा हादरला. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्या मनात एकच आधार उरला होता: माहेरी भावाच्या घरामागच्या परड्यात तेच बी होतं. गणपतीला गावी गेलं की घेऊन यायचं, कोणाला काही कळायचं नाही.

मग भावाची बायको रुक्मिणी आली. भाऊ लवू याच्या डोळ्याचं ऑपरेशन परळला झालं होतं, त्याच्यासोबत ती गावाहून आली होती. एका दुपारी वेळ काढून मुलुंडला आली. रत्नप्रभेने चहा ठेवला आणि बी कसं मागावं ते ती मनात जुळवू लागली. आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे शब्द जुळेनात. तेवढ्यात रुक्मिणीच बोलली.

"रत्ना, एक मागतंय. नाय म्हणू नको गे."

"काय?"

"तवशाचा बी. औंदा पयल्या पावसाक सगळा घातला, उगावला, आणि मगे पाऊसच नाय. सगळा करापला, जळान गेला. वाडीत कोणाकडे एक बी नाय ऱ्हवला. तुझे भाऊ म्हणाले, रत्नाकडे असतला, ती जपणारी आसा. अजून आठ दिवसांत लावला तर दसऱ्याक तरी येयत. तुझ्या आयेचा बी गे तां, बुडता नये."

सीतारामाने बायकोकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, चूक माझी, असं तो सांगणार होता. रत्नप्रभेने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. सगळी वाडी तिच्यावर भरवसा ठेवून बसली होती, आणि ती काय सांगणार होती? की टिपणिसाच्या यज्ञात जळलं? की नवऱ्याला सांगितलं नाही म्हणून जळलं?

"बी आसा," ती म्हणाली. "पण मी कोणाक देवचंय नाय."

रुक्मिणीला आधी वाटलं चेष्टा आहे. मग तिचा चहा तसाच राहिला. ती उठली, पिशवी घेतली, आणि दारात वळून जे बोलायचं ते बोलली. आईचं नाव काढलं, देवाचं काढलं, तुझ्यासारखी नणंद वैऱ्याला मिळू नये म्हणाली. रत्नप्रभा ऐकत होती. दार ओढून घेतल्यावर तिने तो न प्यायलेला चहा मोरीत ओतला.

वाडीत ती गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मुंबईच्या रत्नाकडे बी आहे, पण ती देत नाही. लोक बोटं मोडू लागले, आणि येतही राहिले. मुलुंडला कामाला आलेला, पाव्हणा म्हणून आलेला, वाडीचा कोणीही असो, चहा घेता घेता तवशावर यायचाच. कोणी गोड बोलून मागे, कोणी आईची शपथ घाली, कोणी पैसे देऊ करी. रत्नप्रभा प्रत्येकाला नाही म्हणे आणि त्याच्या सात पिढ्यांच्या शेतीची लाज काढी. मागच्या पट्टीत पुन्हा दोडकी आली, माठ आला, अळू आलं. मांडव कुठे दिसत नाही, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "तुमच्यासारख्यांची नजर पडते म्हणून दुसरीकडे लावते. कुठे ते विचारू नको."

माणूस उठून जाई. ती खिडकीशी उभी राहून तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघे, आणि मग मागे न वळता नवऱ्याला विचारी,

"तेका खरा वाटला मा?"

"वाटलं," सीताराम म्हणे.